लंडनचे निर्जीव डोळे



यंदाच्या मालेत माझ्या आधी येऊन गेलेल्या वक्त्यांचे विषय मी पाहिले. कोणी ज्ञानेश्वरीवर बोलले, कोणी पाणीपुरवठ्यावर, कोणी ग्रहगोलांवर. त्या यादीत माझा विषय, एक जर्मन खुनाचा चित्रपट, सोवळ्याच्या पंगतीत कोणी वहाणा घालून येऊन बसावे तसा दिसतो आहे, हे मला कळते. चालकांनी तो मान्य केला हे त्यांचे औदार्य. तुम्ही तासभर ऐकून घेतलेत तर ते तुमचे.

मी रहस्यकथांचा जुना वाचक आहे, हे आरंभीच कबूल करतो. शाळेत असताना भूगोलाच्या पुस्तकात बाबूराव अर्नाळकरांचे पुस्तक दडवून वाचण्याची विद्या मला चांगली साधली होती. एकदा मास्तरांनी ते पकडले आणि जप्त केले. आठ दिवसांनी परत देताना ते हळूच म्हणाले, "याची शेवटची चार पाने नाहीत की रे!" तेव्हापासून माझे असे मत झाले आहे की रहस्यकथा वाचणारे आणि रहस्यकथा वाचत नाही असे सांगणारे, असे माणसांचे दोनच वर्ग आहेत.

ज्या चित्रपटाविषयी मी आज बोलणार आहे त्याचे जर्मन नाव 'डी टोटेन आउगेन फॉन लंडन'. म्हणजे लंडनचे मेलेले, निर्जीव डोळे. तो १९६१ साली पश्चिम जर्मनीत निघाला. दिग्दर्शक आल्फ्रेड फोहरर. मूळ कादंबरी इंग्रजी, लेखक एडगर वॉलेस, आणि प्रसिद्धीचे वर्ष १९२४. कादंबरी इंग्रजी, कथा लंडनची, पात्रांची नावे सगळी इंग्रजी, आणि बोलतात मात्र सारे अस्खलित जर्मन. हा काय प्रकार आहे, हे समजून घेण्यासाठी आधी या वॉलेससाहेबांची थोडी ओळख करून घेऊ.

वॉलेस १८७५ साली लंडनजवळ ग्रिनिच येथे जन्मला. आई नाटकात काम करणारी, मूल विवाहबाह्य. तिने ते मासळीबाजारातल्या एका हमालाच्या घरी वाढवायला दिले. शाळा लवकर सुटली. मग पेपर विकणे, मजुरी, पुढे सैन्य, सैन्यातून दक्षिण आफ्रिकेत, आणि तेथे बोअर युद्धाचा बातमीदार. १९०५ साली त्याने पहिली गाजलेली रहस्यकथा स्वतःच्या खर्चाने छापली आणि रहस्य ओळखणाऱ्यास बक्षीस जाहीर केले. पण बक्षीस किती जणांना देणार, हे लिहायला विसरला. बरोबर उत्तरे भराभर आली आणि पुस्तक खपूनही गृहस्थ कर्जबाजारी झाला. हा हिशेब त्याला जन्मभर जमला नाही. दीडशेहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या, अमाप पैसा मिळविला, तो घोड्यांच्या शर्यतींत घालविला. १९३२ साली अमेरिकेत हॉलिवूडला 'किंग काँग' या चित्रपटाच्या कामावर असताना वारला, तेव्हा मागे मोठे कर्ज होते. कादंबरी तो लिहीत नसे, सांगत असे. खोलीची दारे बंद करून, चहाच्या कपांमागून कप रिचवीत, लांब नळीत सिगारेट खोचून तो बोलत राही आणि यंत्र ते टिपून घेई. चार-सहा दिवसांत पुस्तक तयार. आपल्याकडे हजाराहून अधिक पुस्तके लिहिणाऱ्या अर्नाळकरांकडे पाहून ज्यांनी नाके मुरडली, त्यांनी वॉलेसकडे पाहूनही मुरडली असती. वाचकांनी दोघांच्याही बाबतीत ती मनावर घेतली नाहीत.

या वॉलेसवर इंग्रजांइतकेच, कदाचित अधिकच, प्रेम केले ते जर्मन लोकांनी. १९२६ साली माक्स राइनहार्टसारख्या नामांकित नाट्याचार्याच्या बर्लिनमधील रंगमंदिरात त्याचे नाटक झाले. १९३१ आणि १९३२ साली त्याच्या कथांवर जर्मन चित्रपट निघाले, १९३४ साली आणखी एक निघाला, आणि मग पंचवीस वर्षे काही नाही. त्या पंचवीस वर्षांत काय झाले हे या सभागृहात सांगायला नको. १९५९ साली रिआल्टो या कंपनीने 'बेडकाचा मुखवटा' घालणाऱ्या दरोडेखोराची वॉलेसची कथा पडद्यावर आणली. दिग्दर्शक हाराल्ड राइनल. ती अशी चालली की निर्मात्यांनी मागे वळून पाहिलेच नाही. १९७२ पर्यंत एकट्या या कंपनीने तीसहून अधिक वॉलेसपट काढले. आज आपण पाहतो आहोत तो त्यांतलाच एक, आणि माझ्या मते सर्वांत चांगला.

आता कथा. येथे मला एक पाप करावे लागणार आहे. रहस्यकथेचे रहस्य फोडणे हा रसिकांच्या राज्यात देहदंडाचा गुन्हा आहे. पण ते फोडल्याशिवाय मला पुढचे बोलता येत नाही. ज्यांना चित्रपट स्वतः पाहायचा असेल त्यांनी पाच मिनिटे बाहेर चहा घेऊन यावे. मी रागावणार नाही.

लंडनमध्ये दाट धुके पडले आहे. अशा रात्री एक वयस्क, सधन गृहस्थ रस्ता चुकतो आणि सकाळी थेम्स नदीत त्याचे प्रेत सापडते. धुक्यात पाय घसरून पडला असेल, असे कोणीही म्हणेल. पण असे अनेक जण पडू लागले आहेत. सगळे म्हातारे, सगळे श्रीमंत, परदेशातून आलेले, जवळचे कोणी नसलेले, आणि सगळ्यांचा विमा उतरविलेला. स्कॉटलंड यार्डच्या इन्स्पेक्टर लॅरी होल्टला एका प्रेताच्या खिशात कागदाचा कपटा मिळतो. त्यावर शाई नाही, उठावाचे ठिपके आहेत. ब्रेल लिपी! ती वाचण्यासाठी नोरा वॉर्ड नावाची तरुणी बोलाविली जाते. तपास आंधळ्या भिकाऱ्यांच्या एका टोळीकडे, आणि तेथून अंधांच्या एका आश्रमाकडे जातो. आश्रमाचा चालक पाद्री डिअरबोर्न स्वतः अंध, मृदुभाषी, परोपकारी. काळा चष्मा लावलेला, हात चाचपडत चालणारा हा साधुपुरुष. खून करतो तो 'आंधळा जॅक'. राक्षसासारखा देह, केसाळ हात, आणि बुबुळे नसल्यासारखे पांढरे डोळे. त्याच्याकडून हे करवून घेणारा कोण? तर तोच पाद्री. तो पाद्री नाही आणि आंधळाही नाही. विमा कंपनी चालविणारा प्रतिष्ठित गृहस्थ हा त्याचा सख्खा भाऊ. धर्मादाय आश्रमाच्या तळघरात माणसे पाण्यात बुडवून मारायची, नदीत सोडायची, आणि विम्याचे पैसे घ्यायचे, असा हा दोघा भावांचा धंदा.

बाहेर गेलेल्यांना आता आत बोलवायला हरकत नाही.

चित्रपट कृष्णधवल आहे आणि त्याच्या छायाचित्रणात एक खट्याळपणा आहे. एक गृहस्थ तोंडात पिचकारीने पाणी मारून दात धूत आहे, तर कॅमेरा त्याच्या तोंडाच्या आत, दातांच्या मागे बसून बाहेर पाहतो आहे! हे कशासाठी? कशासाठीही नाही. फोहररला गंमत वाटली म्हणून. क्लाउस किन्स्की हा नट विमा कंपनीतल्या चिटणिसाच्या भूमिकेत आहे. तो काही न करता नुसता उभा राहिला तरी अंगावर काटा येतो, आणि त्याच्या काळ्या चष्म्याच्या काचांत समोरच्या माणसाचे प्रतिबिंब दिसत राहते. इन्स्पेक्टरचा मदतनीस, एडी आरेंट या विनोदी नटाचा, खुनाच्या तपासात फावल्या वेळी लोकर विणतो. आपल्या तमाशातल्या सोंगाड्यासारखे त्याचे काम. भीती फार चढली की तो येतो आणि उतरवून जातो.

आता लंडन. हे सारे लंडन बहुतांशी हाम्बुर्गचे आहे. लंडनमधली थोडी दृश्ये इकडेतिकडे जोडली आहेत, हेल्मेटवाला पोलीस आहे, दुमजली बस आहे. बाकी सारे हाम्बुर्ग बंदरातल्या लाल विटांच्या गोदामांच्या गल्ल्या, त्यांच्यामधले कालवे, ओले दगडी रस्ते, आणि यंत्रातून सोडलेला धूर. गंमत अशी की खुद्द लंडनचे धुके त्या वेळी हटू लागले होते. १९५२ च्या डिसेंबरात काजळीच्या धुक्याने तेथे हजारो माणसे दगावली, म्हणून १९५६ साली ब्रिटिश पार्लमेंटने हवा स्वच्छ ठेवण्याचा कायदा केला होता. लंडन धुके घालवीत होते आणि हाम्बुर्ग ते भाड्याने आणून पसरवीत होते.

पण हाम्बुर्ग म्हटले की मला दुसरेही काही आठवते. १९४३ च्या जुलैअखेरीस आणि ऑगस्टच्या आरंभी ब्रिटिश आणि अमेरिकन विमानांनी हे शहर जाळले. आठवड्याभरात तीसचाळीस हजार माणसे मेली. रात्रीचे हल्ले लंडनच्या सरकारच्या विमानांचे होते. त्याच हाम्बुर्गने अठरा वर्षांनी लंडनचा वेष घेतला, आणि त्या वेषातला पोलीस कसा? तर सभ्य, निःपक्षपाती, कोणापुढे न वाकणारा. इन्स्पेक्टर होल्टचे काम करणारा योआखिम फुक्सबर्गर कोवळ्या वयात हिटलरच्या सैन्यात गेलेला, युद्धानंतर कोळशाच्या खाणीत राबलेला. किन्स्की ब्रिटिशांच्या कैदेत इंग्लंडमध्ये होता आणि रंगमंचावर प्रथम उभा राहिला तो त्या कैद्यांच्या छावणीत. दिग्दर्शक फोहररचा उजवा हात युद्धात गेला होता. ही सारी मंडळी मिळून एका इंग्रज लेखकाची खुनाची कथा हसत खेळत सांगत होती. जर्मन प्रेक्षकाला खून पाहायचा होता, पण तो आपल्या गल्लीतला नको होता. पोलीस पाहायचा होता, पण आपला नको होता; त्या पोलिसाने बारा वर्षे काय केले ते त्याच्या ओळखीचे होते.

येथवर मी जे म्हणालो ते जर्मनीतल्या टीकाकारांनीही निरनिराळ्या तऱ्हांनी म्हटले आहे. मला मात्र या चित्रपटात एक गोष्ट अधिक बोचते, आणि त्यासाठीच मी हा विषय घेतला. ती म्हणजे आंधळा जॅक.

त्यासाठी तीस वर्षे मागे जाऊ. १९३१ साली फ्रिट्झ लांग या थोर दिग्दर्शकाने 'एम' नावाचा चित्रपट काढला. तोही खुनाचाच. पण त्यातले शहर लंडन नव्हे, बर्लिन. धुक्याचा आडपडदा नाही. लहान मुलींचा खून करणारा एक माणूस मोकाट आहे, सारे शहर हादरले आहे, पोलीस थकले आहेत. त्याला ओळखतो कोण? रस्त्यावर फुगे विकणारा एक आंधळा म्हातारा. खुनी एका मुलीसाठी फुगा घेतो तेव्हा विशिष्ट सूर शिटीवर वाजवीत असतो. पुढे तोच सूर म्हाताऱ्याच्या कानी पडतो आणि तो ओरडतो. डोळस शहराला जे दिसले नाही ते आंधळ्याला दिसले. पडद्यावर आंधळ्या माणसाचा याहून मोठा सन्मान मी पाहिलेला नाही. १९३३ साली लांग जर्मनी सोडून गेला.

१९३१ मध्ये बर्लिनमधला आंधळा खुनी पकडून देतो. १९६१ मध्ये जर्मन पडद्यावरचा आंधळा स्वतःच खुनी होतो. कादंबरी वॉलेसची, तेव्हा जॅक त्याच्या डोक्यातून निघाला, जर्मनांच्या नव्हे, हे मला मान्य आहे. १९३९ साली इंग्रजांनीही या कादंबरीवर चित्रपट काढला आणि त्यात बेला लुगोसीने खलनायकाची दुहेरी भूमिका केली. आंधळे, कुबडे, लंगडे यांना भयंकर करून दाखविणे ही स्वस्त रहस्यकथेची सगळीकडची खोड आहे. आपली शकुनीची आणि मंथरेची सोंगे आठवा. पण जर्मनीत, त्या तीस वर्षांनंतर, ही खोड नुसती खोड राहत नाही.

१४ जुलै १९३३ रोजी, हिटलर सत्तेवर येऊन सहा महिनेही झाले नव्हते, तेव्हा जर्मनीत एक कायदा झाला. आनुवंशिक रोग असलेल्यांना संतती होऊ नये म्हणून त्यांच्यावर सक्तीने शस्त्रक्रिया करण्याचा तो कायदा. त्यातल्या रोगांच्या यादीत आनुवंशिक अंधत्व होते. या कायद्याखाली एकूण सुमारे चार लाख माणसांवर शस्त्रक्रिया झाल्या. आणि युद्ध सुरू झाल्यावर कायद्याचाही आधार न घेता पुढची पायरी गाठली गेली. बर्लिनमध्ये टियरगार्टन रस्त्यावर चार क्रमांकाच्या घरात एक कचेरी उघडली गेली. देशभरच्या वेड्यांच्या इस्पितळांतून, अपंगांच्या आश्रमांतून याद्या मागविल्या गेल्या. डॉक्टर कागदावर खूण करीत. मग करड्या रंगाच्या बसगाड्या येत. सहा ठिकाणी, इस्पितळे म्हणूनच ओळखल्या जाणाऱ्या इमारतींत, या माणसांना विषारी वायूने मारले गेले. १९४० च्या जानेवारीपासून १९४१ च्या ऑगस्टपर्यंत, त्या कचेरीच्याच हिशेबाप्रमाणे, ७० हजारांहून अधिक. पुढे उपासमारीने आणि औषधांनी हे चालूच राहिले ते वेगळे.

एक धर्मादाय घर. आत अपंग माणसे. चालक सभ्य, सुशिक्षित, दयाळू. खाली तळघर. मंडळी, ही कथा मी तुम्हांला मघाशीच सांगितली.

आणि या खऱ्या कथेत धागेदोरेही होते, अगदी वॉलेसला शोभतील असे. घरच्यांना सहानुभूतीचे पत्र जाई : आपला रुग्ण अमुक रोगाने निवर्तला, साथीच्या भीतीने दहन केले, रक्षा हवी असल्यास कळवावे. मृत्यूचे कारण ठरलेल्या यादीतून उचललेले असे. त्यामुळे चुका होत. एखाद्याला कळविले जाई की तुमचा मुलगा आंत्रपुच्छाच्या दाहाने गेला. आणि त्या मुलाचे आंत्रपुच्छ वर्षांपूर्वीच काढून टाकलेले असे. हाडामार गावातली पोरे ती बस ओळखत होती. धुराडे सगळ्यांना दिसत होते. ३ ऑगस्ट १९४१ रोजी म्युन्स्टर शहराचा बिशप फॉन गालेन याने आपल्या देवळात, भर प्रवचनात, याला खून म्हटले. पुरावा होता, साक्षीदार होते, संशयितांचे पत्ते होते. स्कॉटलंड यार्ड तेवढे नव्हते.

आता या योजनेच्या वैद्यकीय प्रमुखाकडे येऊ. त्याचे नाव व्हेर्नर हायडे, व्युर्झबुर्ग विद्यापीठात मनोविकारशास्त्राचा प्राध्यापक. युद्धानंतर तो पकडला गेला. १९४७ साली, नेत असताना गाडीतून उडी टाकून पळाला. पुढे उत्तरेला, डेन्मार्कच्या सीमेजवळच्या फ्लेन्सबुर्ग शहरी डॉक्टर फ्रिट्झ झावाडे नावाचे एक गृहस्थ राहू लागले. शांत, कामसू, आपल्या विषयात तरबेज. न्यायालये आणि विम्याच्या सरकारी कचेऱ्या त्यांच्याकडे तज्ज्ञ म्हणून प्रकरणे पाठवीत. कोणाचे डोके फिरले आहे, कोणाला अपंगत्वाचे पैसे द्यावेत, यावर या डॉक्टरांनी हजारो अभिप्राय दिले. होय, विमा! आणि तिकडे दक्षिणेत हायडेची पत्नी नवरा मेला म्हणून विधवेचे निवृत्तिवेतन घेत होती. वॉलेसने हे लिहिले असते तर प्रकाशक म्हणाला असता, साहेब, जरा आवरा, वाचक विश्वास ठेवणार नाहीत.

यातली सर्वांत वाईट गोष्ट निराळीच आहे. मुखवट्याआड कोण आहे हे पुष्कळांना ठाऊक होते. नंतर प्रांतिक विधिमंडळाने चौकशी केली तेव्हा आढळले की डॉक्टर, न्यायाधीश, अधिकारी यांपैकी अनेकांना झावाडे म्हणजेच हायडे हे माहीत होते. कोणी बोलले नाही. आपल्या महाभारतात दोन आंधळे आहेत. धृतराष्ट्र जन्मांध, त्याला इलाज नव्हता. गांधारीने पट्टी आपल्या हाताने बांधली. फ्लेन्सबुर्गमधल्या प्रतिष्ठितांची जात गांधारीची, पण गांधारीच्या पट्टीमागे निदान पातिव्रत्य होते. यांच्या पट्टीमागे पुढच्या बढतीखेरीज काही नव्हते.

१९५९ च्या नोव्हेंबरात प्रकरण फुटू लागले आणि हायडे स्वतः फ्रँकफुर्टला हजर झाला. म्हणजे आपला चित्रपट पडद्यावर आला त्याच्या दीड वर्ष आधी. चित्रपट १९६१ च्या मार्चअखेरीस आला, आणि दोनच आठवड्यांनी, ११ एप्रिल १९६१ रोजी, जेरुसलेममध्ये आइखमानचा खटला उभा राहिला. लाखो ज्यूंना मृत्यूच्या गाड्यांत भरणारा हाही अर्जेंटिनात दुसऱ्याच नावाने राहत होता. सकाळच्या वर्तमानपत्रात खोट्या नावाचे खरे खुनी, आणि संध्याकाळच्या खेळाला खोट्या नावाचा खोटा पाद्री. त्या सभागृहात बसलेल्या माणसाच्या मनात या दोन गोष्टींची कधी गाठ पडली असेल का?

मी प्रामाणिकपणे सांगतो, फोहररच्या मनात असे काही असल्याचे चित्रपटात कोठेही चिन्ह नाही. त्याला माणसे घाबरवायची होती आणि तिकिटे विकायची होती. जे त्याने म्हटले नाही ते त्याच्या तोंडी घालणे हा टीकाकारांचा आवडता उद्योग आहे. मला तो करायचा नाही. मी एवढेच म्हणतो की माणसाला झोप लागली म्हणजे दिवसा दाबून ठेवलेले वर येते. पण ते आपल्या रूपाने येत नाही, परक्याचे कपडे घालून येते. एका देशाने चित्रपटगृहातल्या अंधारात जे स्वप्न पाहिले त्यात खुन्याने पाद्र्याचा झगा घातला होता, शहराने लंडनचे नाव घेतले होते, आणि ज्यांना मारले गेले त्यांच्यापैकीच एकाला स्वप्नाने मारेकरी करून टाकले होते. या शेवटच्या गोष्टीबद्दल माझे चित्रपटाशी भांडण आहे. मारला गेलेला माणूस स्वप्नात राक्षस होऊन येतो, तेव्हा ते स्वप्न कोणाला पडते आहे, हे कोणत्याही आजीबाईला विचारा.

माझ्या एका स्नेह्याने मला या टप्प्यावर विचारले होते, "अहो, मग चित्रपट पाहायचा की नाही?" पाहावा, जरूर पाहावा. मी दोनदा पाहिला. पुतण्याने घरच्या पडद्यावर दाखविला, खाली इंग्रजी अक्षरे होती, आणि पहिल्या वेळी मी खुर्चीच्या कडेवर बसून पाहिला हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. गंमत म्हणून तो उत्तम आहे. दुसऱ्या वेळी मात्र मी त्या आश्रमातल्या इतर आंधळ्यांकडे पाहत होतो. मागच्या बाकांवर बसलेली, नाव नसलेली, संवाद नसलेली माणसे. कथेला त्यांच्याशी काही कर्तव्य नाही. खलनायक पकडला गेल्यावर त्यांचे काय झाले, हे चित्रपट सांगत नाही.

हायडेचे काय झाले ते सांगता येते. हेसे प्रांताचा महाधिवक्ता फ्रिट्झ बावर, स्वतः ज्यू, स्वतः नाझींच्या छावणीतून गेलेला, याने त्याच्यावर खटला उभा केला. सुनावणी १९६४ च्या फेब्रुवारीत व्हायची होती. ती सुरू होण्याच्या पाच दिवस आधी हायडेने कोठडीत गळफास लावून घेतला. वॉलेसच्या कथेत शेवटच्या प्रकरणात मुखवटा उतरतो आणि इन्स्पेक्टर दोन वाक्यांत सगळा उलगडा करतो. येथे तो उलगडा भर कोर्टात व्हायचा राहून गेला.

फोहररने हीच कथा १९६८ साली पुन्हा एकदा काढली. या वेळी रंगीत. आंधळे गेले. खुनी गोरिलाच्या कातड्यात आला, अंधाश्रमाच्या जागी मुलींचे वसतिगृह आले, आणि धुके जवळजवळ नाहीसेच झाले. चित्रपट सुमार आहे. लोक घाबरण्याऐवजी हसू लागले होते आणि निर्मात्यांनीही ते ओळखले होते. मी तो अर्धा पाहून बंद केला होता. पण त्यातल्या इन्स्पेक्टरविषयी पुढे एक बातमी वाचली आणि उरलेला अर्धा पाहिला.

त्या इन्स्पेक्टर पर्किन्सचे काम होर्स्ट टाप्पर्ट या नटाने केले आहे. हाच टाप्पर्ट पुढे १९७४ पासून १९९८ पर्यंत जर्मन दूरचित्रवाणीवर 'डेरिक' नावाचा पोलीस अधिकारी झाला. शांत, थकलेल्या डोळ्यांचा, कधी आवाज न चढविणारा. ही मालिका शंभरावर देशांत दाखविली गेली आणि सभ्य जर्मन पोलीस म्हणजे डेरिक असे समीकरण जगभर रूढ झाले. टाप्पर्ट २००८ साली वारला. युद्धात आपण कोठे होतो याविषयी तो हयातीत फारसे बोलत नसे. २०१३ साली जुन्या कागदपत्रांत त्याचे नाव सापडले. १९४३ साली तो वाफेन-एसएसच्या 'टोटेनकॉप्फ' तुकडीत, म्हणजे कवटीचे चिन्ह मिरविणाऱ्या तुकडीत, शिपाई होता. वय तेव्हा वीस. तेथे त्याने स्वतः काय केले, स्वखुशीने गेला की ओढून नेला, हे त्या कागदांवरून कळत नाही.

उरलेला अर्धा चित्रपट मी पाहिला तो इन्स्पेक्टरकडे बघत. त्याने गोरिलाचे कातडे काढले, आत कोण आहे ते पाहिले, आणि टोपी डोक्यावर ठेवून तो निघून गेला.